काखेतील दुर्गंध आणि डिओडरंटची निवड
माजलगावात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दुर्गंधाचा दोष घामाला दिला जातो. वस्तुतः ताज्या घामाला जवळजवळ गंध नसतो. काखेतील ग्रंथींच्या स्रावाचे त्वचेवरील जीवाणू विघटन करतात, त्यातून तो निर्माण होतो. डिओडरंट जीवाणूंना आवरते, वास झाकते. घाम थांबवत नाही. घामच कमी करावयाचा असल्यास वेष्टनावर ‘अँटिपर्स्पिरंट’ हा शब्द व घटकांत अॅल्युमिनियमचा क्षार पाहावा. ते रात्री, कोरड्या त्वचेवर लावल्यास अधिक गुणकारी ठरते. बहुतेक जण मात्र सकाळी घाईत फवारतात. न्हाव्याकडची तुरटी हाही अॅल्युमिनियमचाच क्षार. ओली करून फिरवावी, किंमतही नाममात्र. नुकतेच केस काढलेल्या त्वचेवर यांपैकी काहीही लावू नये. घाम अचानक वाढल्यास वा वास बदलल्यास डॉक्टरांना दाखवावे.