पालम परिसरातील बांधकामाचा गुत्ता आणि लेखी करार : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :

परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या दक्षिणेस वसलेल्या पालम तालुक्यात घर बांधून देणाऱ्या, विहीर खोदून देणाऱ्या किंवा शेताचे सपाटीकरण करून देणाऱ्या व्यक्तीस 'गुत्तेदार' म्हणतात. कोकण व मुंबईकडील 'कंत्राट' हा शब्द पोर्तुगिजांकडून आला, तर मराठवाड्यातील 'गुत्ता' हा तेलुगू 'गुत्त' व कन्नड 'गुत्तिगे' यांचा सोयरा आहे. हैदराबाद संस्थानाच्या बहुभाषिक कारभाराची ती खूण होय. शासकीय कामात गुत्त्याचा कागद निजामी अमदानीतच आला. खासगी जमीनमालक व गुत्तेदार यांच्यातील व्यवहार मात्र बहुधा तोंडीच राहिला. याचे कारण म्हणून निरक्षरतेकडे बोट दाखविले जाते. ते अपुरे आहे, कारण आज शिक्षक, व्यापारी आणि नोकरदारही आपले घर तोंडी बोलीवरच बांधावयास देतात. प्रस्तुत निबंधात या विसंगतीची ऐतिहासिक कारणे शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

गुत्ता : महसुलाकडून मातीकामाकडे

पहिले सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाले, त्यापूर्वी संस्थानातील जमीन महसुलाची वसुली मोठ्या प्रमाणावर गुत्त्याने किंवा इजाऱ्याने दिली जात असे. १८६५ च्या जिलाबंदीने पगारी अधिकाऱ्यांची व्यवस्था आली, तरी आबकारीसारख्या क्षेत्रांत गुत्ता पुढेही टिकून राहिला. या जुन्या गुत्त्याचे सूत्र सरळ होते. ठरलेली रक्कम सरकारात भरावयाची, वर उरेल तो नफा आणि कमी पडेल तो तोटा गुत्तेदाराचा. बांधकामातील 'उक्ते' कामाची कल्पना हीच आहे. संपूर्ण काम एका रकमेत ठरते आणि मोजमापाचा प्रश्नच उद्भवत नाही.

खेड्यातील व्यवस्थेलाही हे उक्ते रूप मानवणारे होते. सुतार व लोहार हे बलुतेदार वर्षाच्या धान्यावर औतफाट्याची दुरुस्ती करीत, पण नव्या घराचे काम बलुत्यात धरले जात नसे. माती उपसणारे व दगड फोडणारे वडार तर बलुत्याच्या बाहेरचेच. गावोगाव फिरणाऱ्या या समाजाशी मालकाचा संबंध त्या कामापुरता येई आणि बोली बहुधा उक्ती होई. घरे मातीच्या भिंतींची व माळवदाची होती. महत्त्वाचे म्हणजे ती गावठाणात, म्हणजे 'पांढरी'वर उभी राहत. पांढरीवरील पाया किती खोल न्यावा हे गवंड्यास शेजारच्या घरावरून ठाऊक असे. जमिनीखालचे जे ठाऊक आहे त्याचाच उक्ता दर ठरत असल्याने कागदाची निकड भासली नाही.

शासकीय कागद आणि मोजमाप :

विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-सिकंदराबाद हा मीटरगेज लोहमार्ग परभणीवरून गेला आणि भराव, पूल, खोदाई यांची मोठी कामे या भागाने पाहिली. संस्थानाच्या तामीरात खात्याची कागदपत्रे उर्दूत असत, तर गावपातळीवर मोडी लिपी चाले. सामान्य मालकाला या दोन्ही लेखनांसाठी दुसऱ्याच्या हाताची गरज पडे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थानाची राजवट संपली. त्यानंतर 'भाग ब' राज्यांसंबंधीच्या १९५१ च्या कायद्याने १ एप्रिल १९५१ पासून १८७२ चा भारतीय करार कायदा येथे लागू झाला. या कायद्यास तोंडी करारही मान्य आहे. त्यामुळे कायद्याच्या आगमनाने कागद सक्तीचा झाला नाही.

कागद आला तो सार्वजनिक बांधकाम व पाटबंधारे खात्यांच्या निविदांतून. महाराष्ट्रात 'बी-१' हा टक्केवारीच्या दराचा, 'बी-२' हा बाबनिहाय दराचा आणि 'सी' हा उक्त्या रकमेचा नमुना होय. पहिल्या दोन नमुन्यांत देयक ठरते ते मापवहीवरून. १९६५ मध्ये पायाभरणी झालेल्या जायकवाडीच्या २०८ किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याची कामे परभणी जिल्ह्यापर्यंत पोहोचली आणि ब्रास, चाळणी, मापवही, अनामत हे शब्द जिल्ह्यातील पोटगुत्तेदारांच्या व मुकादमांच्या तोंडी रुळले. सरकारचे काम करताना मापाचा आग्रह धरणारा गुत्तेदार गावातील घराचे काम मात्र उक्तेच घेतो. हा विरोधाभास जुन्या सवयीतून आलेला आहेच, पण उक्त्यात मालकाला एकूण आकडा आधी कळतो, हेही त्याचे मोठे आकर्षण आहे.

काळीवरचा पाया :

अलीकडच्या दशकांत वस्ती पांढरी सोडून शेतजमिनीवर, म्हणजे 'काळी'वर सरकली आणि उक्त्याचा पायाच डळमळला. काळी माती पाण्याने फुगते व उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. म्हणून पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो, आणि मुरूम किती खाली लागेल हे खोदल्यावरच कळते. समजा, १२० फूट लांबीचा व ३ फूट रुंदीचा चर खणावयाचा आहे. मुरूम ४ फुटांवर लागल्यास खोदाई १४.४ ब्रास होते, तर ७ फुटांवर लागल्यास २५.२ ब्रास. पायातील दगडकामही त्याच प्रमाणात वाढते. उक्ता दर ४ फुटांच्या अंदाजाने ठरला असेल, तर वाढीव पावणेअकरा ब्रासांचा भार कोणी सोसावयाचा? मालक म्हणतो, बोली झाली. गुत्तेदार पाया उथळ ठेवतो, काम अर्ध्यावर सोडतो किंवा मजुरांची मजुरी अडवून ठेवतो. भिंतीला तडा जातो तो दोन पावसाळ्यांनंतर, आणि तोवर साक्षीदारही पांगलेले असतात.

'चार फुटांपुढील खोदाई प्रतिब्रास अमुक दराने' एवढी एक ओळ लिहिली, तरी हा वाद पुष्कळसा टळतो. लेखी कागद नसताना कायदा अगदीच हतबल ठरतो असे नाही. करार कायद्याच्या कलम ७० नुसार फुकट करण्याचा हेतू नसताना केलेल्या कामाचा लाभ घेणाऱ्यावर मोबदल्याची जबाबदारी येते. बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मंडल या खटल्यात, विधिवत करार नसतानाही बांधकाम करणाऱ्या संस्थेला सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये याच कलमाचा आधार दिला. परंतु दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत असलेली संस्था आणि पालमचा गवंडी यांत अंतर आहे.

राज्यसंस्थेच्या नजरेबाहेरचा गुत्तेदार :

१९६३ च्या सदनिका कायद्याने विकासक व सदनिकाधारक यांच्यात लेखी, नोंदणीकृत करार आवश्यक केला. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने त्याशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यास मनाई केली. हे दोन्ही कायदे मूलतः शहरातील खरेदीदारासाठी आहेत. स्वतःच्या भूखंडावर घर बांधणाऱ्या ग्रामीण मालकासाठी अशी सक्ती नाही.

ग्रामीण योजनांनी तर गुत्तेदाराला नाकारलेच. १९७२ च्या दुष्काळानंतर रुजलेल्या रोजगार हमी योजनेत त्याला मज्जाव होता आणि मजुरी मापानुसार होती. १९८५ ची इंदिरा आवास योजना व २०१६ ची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) यांतही लाभार्थ्याने स्वतः घर बांधावे अशी अपेक्षा आहे. मजुरांची लूट थांबविण्यासाठी हे धोरण योग्यच होते. पण सपाट प्रदेशासाठी ठरलेल्या १,२०,००० रुपयांच्या हप्त्यांवर घर उभारणारी विधवा किंवा शेतमजूर स्वतः गवंडीकाम करीत नाही. ती कोणाला तरी 'मजुरीवर' किंवा 'मालासकट' काम देते. फाइलमध्ये लाभार्थी, अभियंता, हप्ता व छायाचित्र आहे. ज्याच्या हाती पैसा प्रत्यक्ष जातो तो कोठेच नाही, म्हणून त्याच्याशी झालेल्या बोलीचा कागदही नाही.

तथापि या व्यवहारात काहीच लिहिले जात नाही, असे म्हणणे चूक ठरेल. गुत्तेदाराच्या खिशात उचलीची वही असते. कोणत्या मजुराला किती उचल दिली आणि मालकाकडून कोणत्या तारखेस किती रक्कम आली, हे तीत नेमाने टिपलेले असते. पायाची खोली, विटेचा दर्जा, कामाची मुदत यांना तीत जागा नसते. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम २८ नुसार नियमित ठेवलेल्या हिशेबातील नोंद पुराव्यात येऊ शकते, मात्र केवळ तिच्यावर कोणाचे देणे शाबीत होत नाही. केलेल्या कामाचा मोबदला मागण्याची मुदत, देण्याची तारीख ठरलेली नसल्यास, काम झाल्यापासून तीन वर्षे आहे. मालकाकडे बहुधा एवढीही वही नसते.