एका सुईणीमागे किती जन्म?

वाचकहो, होमिओपॅथीच्या डॉक्टरने सुईणींच्या इतिहासावर लिहावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. पण आमच्या शास्त्रात रुग्णाची हकीगत घेताना त्याच्या जन्मापर्यंत मागे जावे लागते. कुठे झाला, कोणी केले, किती वेळ लागला, मूल लगेच रडले का, हे सारे विचारावे लागते. माळव्यातल्या घरांत ही उत्तरे पिढीगणिक बदलत गेलेली दिसतात. आजीचा जन्म घरी, दाईच्या हातून. आईचा नर्सबाईच्या हातून. नातवाचा इंदूरच्या इस्पितळात. कोणाला कोणता हात लाभला, हे पुष्कळ अंशी सरकारने त्या काळी किती हात नेमले होते यावर ठरले. तोच हिशेब आज तुमच्यापुढे मांडतो.

धार आणि देवास ही पवारांची संस्थाने, शेजारी होळकरांचे इंदूर. आपल्यापैकी अनेक घराणी याच दरबारांच्या चाकरीनिमित्त इकडे आली. त्या काळी बाळंतपण दाईचे. पाचवीला तिला लुगडे-चोळी आणि धान्य मिळे. पण सोयर पाळणाऱ्या घरांत, मग ती तुमची असोत की आम्हां जैनांची, नाळ कापणाऱ्या हाताला मान नव्हता. १८८५ साली लेडी डफरिन यांच्या पुढाकाराने स्त्रियांच्या वैद्यकीय मदतीसाठी निधी उभा राहिला. १९०३ साली लेडी कर्झन यांनी दायांना शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया स्मारक शिष्यवृत्त्या सुरू केल्या. धारला कॅनेडियन मिशनच्या डॉ. मार्गारेट ओ'हारा यांनी स्त्रियांवर उपचारांची सोय केली. पण अशा सोयी मुख्यतः राजधानीच्या गावी. खेड्यातली बाळंतीण होती तिथेच राहिली.

देशाचा पहिला मोठा हिशेब सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ साली मांडला. शिकलेल्या सुईणी साऱ्या देशात सुमारे ५,०००, म्हणजे साठ हजार लोकांमागे एक! १९७१ पर्यंत हे प्रमाण चार हजारांमागे एक व्हावे, असे समितीने सुचवले. १९४८ साली आपली संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि ही जबाबदारी दरबारांकडून लोकांच्या सरकारकडे आली.

त्यानंतर एएनएम, म्हणजे साहाय्यक परिचारिका-सुईण, हे पद देशभर वाढले. दोन वर्षांचे शिक्षण, त्यात नऊ महिने सुईणपणाचे. १९७३ साली कर्तारसिंग समितीने तिला बहुउद्देशीय कार्यकर्ती करण्याची शिफारस केली. तीन ते साडेतीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र, आणि त्यात एक स्त्री व एक पुरुष कार्यकर्ता. वाचायला उत्तम. पण १९७७ साली तिचे शिक्षण दीड वर्षावर आले आणि सुईणपणाचे नऊ महिने सहावर. कुटुंबनियोजन, लसीकरण, नोंदवह्या यांत तिचा दिवस जाऊ लागला. पदे वाढत गेली आणि त्या पदांतली सुईण आक्रसत गेली. पदांच्या तक्त्यात ही घट दिसत नाही, म्हणून ती मुद्दाम सांगतो.

२००५ साली ग्रामीण आरोग्य अभियान आणि जननी सुरक्षा योजना आली. दवाखान्यात बाळंत होणाऱ्या ग्रामीण स्त्रीला मध्य प्रदेशात १,४०० रुपये मिळू लागले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार राज्यात संस्थेत होणारे जन्म २००५-०६ मध्ये शेकडा २६ होते. २०१५-१६ मध्ये ते ८१ झाले आणि २०१९-२१ मध्ये ९१. हे मोठेच यश आहे. तरीही २०१८-२० मध्ये राज्यात दर लाख जन्मांमागे १७३ माता दगावत होत्या. देशाचा आकडा होता ९७. बाई दवाखान्याच्या दारापर्यंत आली. आत तिच्याजवळ बसायला शिकलेला, मोकळा हात आहे का, हा प्रश्न उरला.

आता पीथमपूर पाहा. धार जिल्ह्यातले हे खेडे १९८०च्या दशकात औद्योगिक वसाहत झाले. बजाज टेम्पो, कायनेटिक होंडा अशा पुण्याशी नाते असलेल्या कंपन्या आल्या, पाठोपाठ दूरदूरचे कामगार आले. २०११च्या जनगणनेत वस्ती सव्वा लाखाच्या घरात गेली. गाव शहर झाले की सुईणीचे मोजमापही बदलते. खेड्यात सपाटीवर ५,००० लोकांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ व आदिवासी भागात ३,००० मागे एक. २०१३च्या नागरी आरोग्य अभियानात मात्र एका एएनएमकडे सुमारे १०,००० लोक, आणि कामही प्रामुख्याने वस्तीत फिरण्याचे. शहरात दवाखाने जवळ असतात, हे त्यामागचे गृहीतक.

गणित तुम्हीच करा. राज्याचा जन्मदर हजारी सुमारे २४. पाच हजारांत वर्षाला १२० जन्म, दहा हजारांत २४०. जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली सांगितलेले प्रमाण होते एका सुईणीमागे १७५ जन्म. शहरात जन्मदर कमी असतो, हे खरे. पण पीथमपुरातली भाड्याची खोली म्हणजे बहुधा तरुण जोडपे. त्यात २०२१ची जनगणना वेळेवर झालीच नाही. २०११ नंतर आलेले कामगार भागाकारात धरलेलेच नाहीत. त्यांची मुले मात्र जन्माला येतातच.

म्हणून माझे म्हणणे एवढेच: सुईणी डोकी मोजून नेमू नका, जन्म मोजून नेमा. त्यासाठी जनगणनेची वाट पाहायला नको. १९६९च्या कायद्याने जन्म जिथे होतो तिथेच नोंदवला जातो, आईबाप कुठलेही असोत. पीथमपूरची गर्भवती इंदूरला किंवा महूला जाऊन बाळंत झाली, तर ती नोंद तिकडे सापडेल, आणि तीही काही सांगेल. २०१८ साली केंद्राने सुईणपणासाठी स्वतंत्र, दीड वर्षाचे शिक्षण घेतलेल्या परिचारिकांची योजना आखली. हरवलेले पद परत येते आहे. ते कुठे नेमायचे, हे जन्माच्या वहीवरून ठरावे.

आपल्या घराण्यांनी माळव्यात शाळा, धर्मशाळा, प्रसूतिगृहाच्या खोल्या बांधल्या. यापुढे कोणी खोलीसाठी देणगी मागायला आले, तर देणगी जरूर द्या. पण आधी विचारा, या खोलीत रात्री दोन वाजता कोण असेल, आणि वर्षाला किती जन्म तिच्या एकटीच्या हाती असतील?