आपल्या नोंदींवर पहारा कोणाचा?

३० मे १९४९ रोजी संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या कलमावर चर्चा चालू होती. बाबासाहेब त्या दिवशी म्हणाले की, भारतीय संविधानातला बहुधा हा सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे. त्याची कर्तव्ये न्यायसंस्थेच्या कर्तव्यांहूनही महत्त्वाची आहेत, म्हणून त्याला निदान तिच्याइतके स्वातंत्र्य हवे, पण आपण ते दिलेले नाही, ही खंतही त्यांनी बोलून दाखवली. मसुदा समितीचा अध्यक्ष भर सभेत आपल्याच मसुद्यातली उणीव सांगत होता.

त्यामागचे तत्त्व साधे आहे. सरकारने खर्च करायचा आणि सरकारच्याच हाताखालच्या माणसाने तो तपासायचा, याला तपासणी म्हणत नाहीत. तपासणाऱ्याची नेमणूक, नोकरी आणि अहवाल ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध तो लिहिणार कसा?

आज सरकारकडे पैशाइतकीच मोलाची दुसरी ठेव आहे. ती म्हणजे आपली माहिती. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, रेशनकार्ड, रोजगार हमीचे जॉबकार्ड, विधवा आईची पेन्शन, सरकारी दवाखान्यातला केसपेपर. श्रीमंत माणूस खासगी दवाखान्यात जाईल, खासगी शाळेत मूल घालेल. आपल्याला ही निवड नाही. बोटाचा ठसा दिल्याशिवाय धान्य मिळत नाही, आधार जोडल्याशिवाय शिष्यवृत्ती जमा होत नाही. म्हणून सरकारी खात्यांमधली माहिती सुरक्षित आहे की नाही, हे कोण तपासते, हा प्रश्न संगणकवाल्यांचा म्हणून सोडून देता येणार नाही.

वही आपल्याला नवी नाही

१८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने अख्ख्या जमातींची नोंदवही तयार केली. १९११ च्या कायद्याने नोंदलेल्यांच्या बोटांचे ठसे घेण्याचा अधिकारही दिला. हजेरी चुकली की शिक्षा, परवानगीशिवाय गाव सोडले की शिक्षा. सोलापूरच्या सेटलमेंटच्या आठवणी आजही कित्येक घरांत सांगितल्या जातात. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, पण वहीतला शिक्का माणसाच्या कपाळावरून पुसला गेला नाही.

या इतिहासातून एक गोष्ट शिकायची. नोंदवही कधीच निरुपद्रवी कागद नसते. ती कोणाच्या हातात आहे आणि त्या हाताला जाब विचारणारा कोण आहे, यावर सगळे ठरते.

कायदा आला, पण कोणासाठी?

माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली आला. जानेवारी २००४ पासून सर्ट-इन ही केंद्रीय संस्था काम करू लागली. सायबर हल्ल्याची खबर घेणे, इशारे देणे, सूचना काढणे हे तिचे काम. २००८ च्या दुरुस्तीने तिला कायद्यात स्थान मिळाले.

त्याच दुरुस्तीत ४३अ हे कलम आले. संवेदनशील माहिती सांभाळताना कंपनीने हयगय केली आणि माणसाचे नुकसान झाले, तर कंपनीने भरपाई द्यावी, असे ते कलम सांगत होते. कायद्याने 'कंपनी'ची व्याख्या धंदा-व्यवसाय करणाऱ्यांपुरती केली. सरकारी खाते त्यात बसत नव्हते. म्हणजे बँकेने हयगय केली तर भरपाई मागता येईल, पण समाजकल्याण खात्याने केली तर या कलमाचा उपयोग नाही.

पुढे २०१३ मध्ये राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण आले. प्रत्येक खात्याने माहिती सुरक्षा अधिकारी नेमावा, संकेतस्थळांचे ऑडिट करून घ्यावे, असे ठरत गेले. पण ऑडिट खाते स्वतःच करून घेणार आणि अहवालही स्वतःकडेच ठेवणार. बाबासाहेबांच्या कसोटीवर हे घासून पाहा.

२०१७: कुंपणानेच शेत खाल्ले

एप्रिल २०१७ मध्ये झारखंड सरकारच्या सामाजिक सुरक्षा विभागाच्या संकेतस्थळावर दहा लाखांहून अधिक पेन्शनधारकांचे आधार क्रमांक आणि बँक खात्यांचे तपशील उघडे पडले. पुढच्याच महिन्यात सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेने चार सरकारी पोर्टल तपासून अहवाल दिला. तेरा कोटींच्या वर आधार क्रमांक आणि सुमारे दहा कोटी बँक खाते क्रमांक या पोर्टलांवरून उघड झाले असावेत, असा तिचा अंदाज होता. ती पोर्टल कोणती होती? वृद्ध, विधवा आणि अपंगांच्या पेन्शनचे, रोजगार हमीचे, आणि आंध्र प्रदेशातली दोन. रोजगार हमीवर कोण राबते, हे तुम्हाला सांगायला नको.

इथे कोणी कुलूप फोडले नव्हते. खात्यांनीच दार उघडे ठेवले होते.

मग तक्रार कोणी करायची? २०१६ च्या आधार कायद्याचे कलम ४७ असे होते की, या कायद्याखालच्या गुन्ह्याची तक्रार फक्त आधार प्राधिकरणच न्यायालयात करू शकेल. ज्याचा ठसा, त्यालाच फिर्यादी होता येत नव्हते. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर, २०१९ मध्ये ही वाट थोडी मोकळी झाली. त्याआधी जानेवारी २०१८ मध्ये पाचशे रुपयांत आधारची माहिती मिळते, अशी बातमी 'द ट्रिब्यून'ने छापली, तेव्हा प्राधिकरणाने दिलेल्या फिर्यादीत त्या वृत्तपत्राचे आणि बातमीदाराचेही नाव होते.

बाबासाहेबांचा अधिकारी कामाला लागतो

एप्रिल २०२२ मध्ये महालेखापरीक्षकांचा आधार प्राधिकरणावरचा अहवाल संसदेत मांडला गेला. जुनी माहिती जपण्याचे धोरणच प्राधिकरणाकडे नाही, एकाच माणसाला दोन-दोन आधार दिल्याने पावणेपाच लाखांवर क्रमांक रद्द करावे लागले, आणि पडताळणी करणाऱ्या संस्थांची यंत्रे लोकांची माहिती साठवून ठेवत नाहीत ना, याची खातरजमा प्राधिकरणाने केलेली नाही, असे त्यात स्पष्ट नोंदवले होते.

हे आपल्याला का कळले? कारण हा अहवाल संसदेसमोर ठेवणे संविधानाने बंधनकारक केले आहे. मात्र तो २०१४-१५ ते २०१८-१९ या काळाचा होता. म्हणजे वर्षानुवर्षांनी एकदा, एका संस्थेचा. दरवर्षी प्रत्येक खात्याची अशी स्वतंत्र तपासणी करून ती लोकांपुढे ठेवणारे कोणी नाही.

त्याच वर्षी २३ नोव्हेंबरला दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर खंडणीखोरांचा हल्ला झाला. सुमारे दोन आठवडे कामकाज कागदावर चालले. उन्हातान्हात रांग लावणारा रुग्ण कोणत्या वर्गातला असतो, हे एम्सबाहेरच्या फुटपाथवर एक रात्र काढली तरी कळते. जाळ्याची विभागणी नीट नसल्याने हे घडले, असे नंतर सरकारने संसदेत सांगितले. मग ही विभागणी आधी कोणी तपासली होती? कोणी इशारा दिला होता का? याची उत्तरे लोकांसमोर आली नाहीत.

आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये सरकारने सर्ट-इनलाच माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत टाकले. म्हणजे पहारेकऱ्याला प्रश्न विचारण्याची सोयही बंद.

अमेरिकेत काय घडले?

अमेरिकेत २००२ च्या कायद्याने प्रत्येक केंद्रीय खात्याच्या माहिती सुरक्षेची दरवर्षी स्वतंत्र तपासणी सक्तीची केली. ती खात्याचा महानिरीक्षक करतो आणि अहवाल काँग्रेसपर्यंत जातो. तरीही २०१५ मध्ये तिथल्या कर्मचारी व्यवस्थापन कार्यालयातून सव्वादोन कोटींच्या आसपास लोकांची माहिती चोरीला गेली. काही जण म्हणतील, मग तपासणीचा उपयोग काय? उपयोग असा की, महानिरीक्षकाने आदल्याच वर्षी दिलेला इशारा कागदावर होता. 'आम्हाला माहीत नव्हते' म्हणायची सोय राहिली नाही आणि त्या कार्यालयाच्या प्रमुखांना पद सोडावे लागले.

पण जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी एका रात्रीत डझनाहून अधिक महानिरीक्षकांना काढून टाकले. पहारेकऱ्याची नोकरी मालकाच्या मर्जीवर असली की काय होते, हे बाबासाहेबांनी १९४९ मध्येच ओळखले होते.

एक सापळा ओळखा

२०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने आपला प्रश्न सुटला, असे कोणी सांगितले तर तो कायदा उघडून दाखवा. सरकारला आपल्या कोणत्याही यंत्रणेला त्यातून सूट देता येते. तक्रार ऐकणाऱ्या मंडळाचे सदस्य केंद्र सरकारच नेमते. दंड झालाच तर तो सरकारी तिजोरीत जमा होतो, ज्याची माहिती फुटली त्याला एक रुपयाही मिळत नाही. ४३अ कलमही हा कायदा वगळतो. केंद्राच्या खात्याला दंड झाला, तर सरकारच्या एका खिशातला पैसा दुसऱ्या खिशात.

याच कायद्याने माहिती अधिकाराचे कलम ८(१)(ञ) बदलले आणि नोव्हेंबर २०२५ पासून तो बदल लागू झाला. आता 'वैयक्तिक माहिती' म्हटले की अधिकारी नकार देऊ शकतो. घरकुलाची यादी मागा, बोगस जातप्रमाणपत्रावर नोकरी घेतलेल्याची फाईल मागा, उत्तर तयार आहे.

इथेच आपल्या कार्यकर्त्यांचा गोंधळ होतो. 'माहिती फुटते, म्हणून याद्या बंद करा' अशी मागणी आपण करायची नाही. सामाजिक अंकेक्षणासाठी लाभार्थ्याचे नाव, गाव आणि रक्कम लोकांना दिसलीच पाहिजे. आधार क्रमांक आणि खाते क्रमांक दिसता कामा नये. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सरकारने मात्र उलटे केले. गरिबाचा खाते क्रमांक उघडा टाकला आणि स्वतःच्या फायली झाकल्या.

आपण काय करायचे?

तालुक्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर खाते क्रमांकांसह फिरणारी लाभार्थ्यांची पीडीएफ पुढे ढकलू नका. ती कोणत्या कार्यालयातून निघाली याची लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. माहिती अधिकारात खात्याला विचारा: माहिती सुरक्षा अधिकारी कोण, शेवटचे ऑडिट कधी झाले, सापडलेल्या त्रुटींपैकी किती दुरुस्त झाल्या? अनुसूचीत टाकलेल्या संस्थांनाही भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाच्या आरोपांबाबतची माहिती नाकारता येत नाही, हे कलम २४ मध्येच लिहिले आहे.

आणि मागणी एकच ठेवा. सरकारी खात्यांच्या माहिती सुरक्षेची तपासणी सरकारपासून स्वतंत्र अधिकाऱ्याने दरवर्षी करावी आणि तिचा अहवाल संसदेत व विधिमंडळात मांडावा. पैशाच्या हिशेबासाठी बाबासाहेबांनी जे मागितले, तेच आपल्या नोंदींसाठी मागायचे आहे.

जय भीम! जय संविधान!