धारचा अर्धा दगड आणि देवासचं गाणं

शाळेच्या इतिहासात धार आणि देवास ही दोन नावं नेहमी एकाच ओळीत यायची. उत्तरेत शिंदे, होळकर आणि धार-देवासचे पवार. ओळ पाठ केली, मार्क मिळाले, विषय संपला! पुढे कित्येक वर्षांनी एलटीसी घेऊन उज्जैन-ओंकारेश्वर करायला गेलो, तेव्हा इंदूरला मुक्काम होता. धार तिथून पश्चिमेला साठ-पासष्ट किलोमीटर आणि देवास ईशान्येला पस्तीस-चाळीस. दोन दिवस हाताशी होते, म्हणून दोन्ही गावं पाहिली. देवदर्शनाला गेलो होतो, पण परत येताना डोक्यात विचार होता तो आठवणींचा.

आधी धारविषयी.

धार ही परमारांची राजधानी, अकराव्या शतकातल्या भोजराजाची. अठराव्या शतकात ती मराठ्यांकडे, पवारांकडे आली. दुसऱ्या बाजीरावाचा जन्म 1775 साली इथल्याच किल्ल्यात झाला. पवारांच्या राज्यामुळे कारभारी, शिक्षक, शास्त्री अशी कितीतरी मराठी घराणी इथे स्थायिक झाली. काशिनाथ कृष्ण लेले हे त्यांपैकीच एक. धार संस्थानच्या शिक्षण खात्यात ते अधिकारी होते आणि कचेरी सांभाळून शिलालेख शोधण्याचा नाद त्यांना होता. 1903 साली कमाल मौला मशीद म्हणजेच भोजशाळा या वास्तूत त्यांना काही कोरीव शिळा मिळाल्या. (या वास्तूवरून मोठा वाद आहे, पण तो आजचा विषय नाही.) एका लेखात कूर्मावतारावरची दोन काव्यं निघाली. ती भोजाच्या नावावर आहेत आणि त्यांची भाषा आहे महाराष्ट्री प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पूर्वज!

दुसऱ्या शिळेवर चक्क एक नाटक निघालं. नाव 'पारिजातमंजरी'. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला अर्जुनवर्मा परमार राज्य करीत होता. त्याचा गुरू मदन याने ते लिहिलं. राजा गुजरातच्या चालुक्यांवर विजय मिळवतो, तेव्हा त्याच्या छातीवर आकाशातून पारिजातकाची मंजरी पडते आणि तिची एक सुंदर तरुणी होते, अशी त्याची कल्पना. धारच्या वसंतोत्सवात, सरस्वतीच्या देवळात हे नाटक व्हायचं होतं असं त्यातच सांगितलं आहे. हुल्ट्श या जर्मन पंडिताने ते पुढे 'एपिग्राफिया इंडिका'त छापलं.

पण नाटक चार अंकांचं आणि या शिळेवर अंक आहेत फक्त दोन. उरलेले दोन अंक दुसऱ्या शिळेवर असणार, आणि ती शिळा काही सापडली नाही. त्या राजाचं, त्या राणीचं आणि त्या मंजरीचं शेवटी काय झालं ते मूळ शब्दांत वाचायला आपल्याला मिळत नाही.

गंमत बघा. नाटक म्हटलं की ते पाठ करणारे नट आले. मदनाचे चारही अंक कुणी ना कुणी तोंडपाठ केले असतील. पण राज्य गेलं, उत्सव गेला, प्रयोग थांबले, तसे तोंडातले शब्दही गेले. म्हणणारं कुणी उरलं नाही, तेव्हा सगळा भार दगडावर आला आणि दगड अर्धाच उरला. पण तो अर्धा दगड नसता तर पारिजातमंजरी हे नावसुद्धा आपल्याला कळलं नसतं, हेही विसरता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी देवासला गेलो.

इथे तुकोजी आणि जिवाजी या दोन पवार बंधूंची दोन घराणी, थोरली पाती आणि धाकटी पाती. एकाच गावात दोन राजे, दोन दरबार! गावाच्या डोक्यावर टेकडी आहे. तिच्यावर दोन देवी, चामुंडा आणि तुळजाभवानी. तुळजाभवानीचं नाव ऐकलं आणि मला एकदम आपला मंगेश आठवला. कुशस्थळीहून तो सोळाव्या शतकात प्रियोळला आला, पण घराघरात मूळ गावाचं नाव अजून घेतलं जातं. माणूस गाव सोडतो तेव्हा देव बरोबर नेतो, आणि देवाच्या नावात सुटलेलं गाव सांभाळून ठेवतो.

याच टेकडीच्या पायथ्याशी कुमार गंधर्वांचं घर आहे, 'भानुकुल'. कुमारांचा जन्म 1924 चा, बेळगाव जिल्ह्यातल्या सुळेभावीचा. सात-आठ वर्षांचा हा मुलगा मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्ड ऐकून त्यातली प्रत्येक हरकत जशीच्या तशी गाऊन दाखवायचा. लोक थक्क व्हायचे. पुढे मुंबईला प्रा. बी. आर. देवधरांकडे त्यांचं शिक्षण झालं. आपल्या पेडण्यातल्या मालपे गावाशी नातं सांगणाऱ्या अंजनीबाई मालपेकर यांच्याकडेही ते शिकले, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक असेल?

मग क्षयाने गाठलं. 1948 च्या सुरुवातीला कोरड्या हवेसाठी ते देवासला आले आणि काही वर्षं गाणं पूर्ण बंद! ज्याचं सगळं आयुष्य गळ्यात, त्याला डॉक्टरांनी गप्प राहायला सांगितलं. पडल्यापडल्या ते फक्त ऐकत राहिले. रस्त्याने जाणाऱ्या माळव्यातल्या बायका लग्नाची, सणांची, पावसाची गीतं म्हणत. फिरते नाथपंथी जोगी निर्गुणी भजनं गात. त्या बायकांपाशी वही नव्हती आणि शिळाही नव्हती. लग्न आलं की गाणं आलं, श्रावण आला की गाणं आलं. आजी म्हणायची, सून ऐकायची, पुढे तीच सून आजी व्हायची.

बरं झाल्यावर कुमारांनी ती शेकडो गीतं गोळा केली. त्या धुनांच्या आत त्यांना रागांची बीजं दिसली. मालवती, लगनगंधार, सहेली तोडी, अहिमोहिनी हे राग त्यातून आले. 1965 साली 'अनूपरागविलास' या ग्रंथात त्यांनी आपल्या बंदिशी छापल्या, म्हणजे कागदही सोडला नाही. लहानपणी रेकॉर्डची हुबेहूब नक्कल करणारा मुलगा आणि देवासला ऐकलेलं आत मुरवून नवं करणारा गवई, हा मला स्मृतीच्या दोन प्रकारांतलाच फरक वाटतो.

मानसशास्त्रही काहीसं हेच सांगतं. केंब्रिजच्या बार्टलेटने 1932 साली आपले प्रयोग प्रसिद्ध केले. अमेरिकेतल्या आदिवासींची एक लोककथा त्याने इंग्रज माणसांना वाचायला दिली आणि काही काळाने ती पुन्हा सांगायला लावली. त्यांनी अनोळखी तपशील गाळले, उरलेले आपल्या ओळखीचे करून घेतले. आठवण म्हणजे कपाटातून काढलेली फाईल नव्हे. दर वेळी ती नव्याने बांधावी लागते. त्याच्या आधी 1885 साली एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं होतं, की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्याने विसरतं आणि मध्ये दिवस जाऊ देऊन केलेली उजळणी जास्त टिकते. वर्षाच्या वर्षाला येणारा सण हीच काम करतो असं मला वाटतं. तो समाजाची उजळणी घेतो.

हे सगळं मला इतकं का लागलं, तेही सांगतो.

मी कारकून माणूस. कागदावर आहे ते खरं, ही आमची श्रद्धा. माझी आई धालो सुंदर म्हणायची. पौष महिन्यात मांडावर तिच्याशिवाय सुरुवात होत नसे. तिचं वय झालं तेव्हा मी शंभर पानी वही घेतली आणि ती सांगेल तशी गीतं उतरवून घेतली, अर्धी कोकणी, अर्धी मराठी. आई हसायची. म्हणायची, "नुसतं लिहितोस काय, म्हण की माझ्याबरोबर!" बायकांची गाणी मी काय म्हणायची, म्हणून मी कधी म्हटलं नाही. आई गेली. वही अजून कपाटात आहे, डांबरगोळ्या घालून जपलेली. आणि ती उघडली की माझ्या लक्षात येतं, एकाही गीताची चाल मला येत नाही.

देवासच्या त्या घरासमोर उभा होतो तेव्हा कळलं, माझ्या कपाटातही धारचीच अर्धी शिळा आहे.

परत आल्यावर वहीची झेरॉक्स काढली आणि आमच्या वाड्यावरच्या एका काकीकडे घेऊन गेलो. ती आईच्या बरोबरीने मांडावर उभी राहायची. तिला अक्षर वाचता येत नाही. माझ्या मुलीने पहिली ओळ वाचली मात्र, काकीने डोळे मिटले आणि पुढच्या चार ओळी चालीत म्हटल्या. त्यातले दोन शब्द वहीपेक्षा वेगळे होते. "आई असं म्हणत नव्हती," मी म्हटलं. काकी म्हणाली, "तुझी आई तसं म्हणायची, मी असं म्हणते. पुढची ओळ वाच गो बाय."

मी कारकुनी सवयीने ते दोन शब्द समासात टिपून घेतले. मुलगी मात्र काकीच्या मागोमाग म्हणू लागली होती.