नऊ वार आणि समुद्रापलीकडची थंडी

परदेशी गेलेल्या पुरुषाने अंगात काय घातले होते, याची चौकशी आपल्याकडे फारशी कोणी करीत नाही. १८८८ साली मोहनदास गांधी बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेस गेले. निघताना आईने त्यांच्याकडून मांस, मदिरा आणि परस्त्री यांविषयी शपथ घेतली होती, कपड्यांविषयी नव्हे. लंडनला त्यांनी १९ शिलिंगांची उंच हॅट घेतली आणि बाँड स्ट्रीटवर १० पौंड मोजून सूट शिवला, हे त्यांनीच आपल्या आत्मकथेत मोकळेपणाने सांगितले आहे. आपणही ते वाचतो, थोडे हसतो आणि पुढचे पान उलटतो. परंतु त्याच दशकात ज्या मोजक्या मराठी स्त्रिया समुद्रापलीकडे गेल्या, त्यांच्या लुगड्याची निरी न निरी लोकांनी मोजली.

त्यांत पहिले नाव आनंदीबाई जोशी यांचे. वैद्यकी शिकण्यासाठी त्या अमेरिकेस निघाल्या तेव्हा त्यांचे वय अवघे अठरा होते. निघण्यापूर्वी, २४ फेब्रुवारी १८८३ रोजी, बंगालमध्ये श्रीरामपूर येथे त्यांनी इंग्रजीत जाहीर व्याख्यान दिले. आपण हिंदू म्हणून जाऊ आणि हिंदू म्हणूनच परत येऊ, चालीरीती, अन्न आणि पोशाख यांत फरक करणार नाही, असे त्यांनी भर सभेत सांगितले. पुरुषाला जी शपथ घ्यावी लागली नाही, ती या मुलीने अशी चारचौघांत घेतली. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. न्यू जर्सीमधील रोझेल गावी मिसेस कार्पेंटर यांनी त्यांना पोटच्या मुलीसारखे घरात घेतले.

आता, वाचकहो, हे नऊ वारांचे वस्त्र म्हणजे काय ते जरा पाहू. माझ्या आजीने जन्मभर लुगडेच नेसले. पहाटे विहिरीचे पाणी ओढायचे, जात्यावर बसायचे, शेताच्या बांधावरून चालायचे, या सगळ्याला ते बेतलेले वस्त्र. मागे कासोटा घट्ट खोचला की पाय मोकळे राहतात आणि बाई वाऱ्यासारखी कामाला लागते. पण जी त्याची सोय, तीच थंड देशात त्याची अडचण. कासोट्यामुळे आत परकर घालता येत नाही आणि पोटऱ्या उघड्या राहतात. गाठीची चोळी आखूड बाह्यांची. कोकणच्या आणि देशावरच्या हवेसाठी घडलेल्या या वेषाला फिलाडेल्फियाच्या हिमाची कल्पनाच नव्हती. अलंकारांची तऱ्हाही निराळी नाही. कुंकू आणि मंगळसूत्र बरोबर नेता येते. पण हातातली काचेची बांगडी वाढवली, तर तिथे कासार कोठून आणायचा?

आनंदीबाईंचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. ते १० ऑक्टोबर १८८५ चे असून फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातील आहे. जपानच्या केई ओकामी किमोनोत आहेत, सीरियाच्या साबात इस्लामबुली आपल्या देशाच्या वेषात आहेत आणि त्यांच्याबरोबर साडीतल्या आपल्या आनंदीबाई. मी शाळेत हे चित्र दाखवते तेव्हा मुली आधी दागिने पाहतात, मग साडी पाहतात. एका वर्षी मात्र सातवीतल्या एका मुलीने विचारले, “बाई, हिला तिथं थंडी नसेल का हो वाजत?”

प्रश्न लहानसा होता, पण मला वाटते, आमच्या इतिहासाच्या पुस्तकांनी तो आधीच विचारायला हवा होता. थंडी वाजत होती. आणि आनंदीबाईंनी त्यावर तोड काढली, ती गाऊन घालून नव्हे. त्यांनी कासोटा सोडला आणि गुजराती पद्धतीने साडी नेसायला सुरुवात केली. म्हणजे घोट्यापर्यंत अंग झाकले जाते आणि आत परकर घालता येतो. वस्त्र आपलेच राहिले, फक्त नेसण बदलले. वचनही राहिले आणि पायही झाकले गेले. पत्नीला शिकविण्यासाठी साऱ्या गावाशी भांडलेल्या गोपाळरावांना मात्र हा बदल रुचला नाही. समुद्र ओलांडलेला चालला. कासोटा सोडलेला चालला नाही!

अशी तोड काढणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या. बंगालच्या ज्ञानदानंदिनी देवी आपले पती सत्येंद्रनाथ ठाकूर यांच्याबरोबर मुंबई इलाख्यात आल्या. येथे पारशी स्त्रियांचे नेसण पाहून त्यांनी परकर-पोलक्यावर साडी नेसण्याची एक नवी रीत बसविली आणि पदर डाव्या खांद्यावर घेतला. १८७७ साली त्या मुलांना घेऊन इंग्लंडला गेल्या. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी १८८९ मध्ये ऑक्सफर्डला पोहोचल्या. कायद्याच्या अभ्यासाला त्या साडी नेसूनच बसल्या. पंडिता रमाबाई विलायतेत गेल्या, ख्रिस्ती झाल्या. पण पांढरी साडी त्यांनी सोडली नाही. धर्म बदलला तरी वेष टिकला, हे पाहून बुचकळ्यात पडणारे लोक दोन्ही बाजूंना होते.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, तेव्हा रमाबाई समारंभाला हजर होत्या. एका सभागृहात दोन मराठी साड्या! त्यानंतर वर्षही सरले नाही, तो २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने आनंदीबाईंचे निधन झाले. त्यांना बावीसावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी गावी त्या कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना जागा मिळाली.

ज्या गोल साडीला पूर्वी नावे ठेवली गेली, तीच पुढे आमच्या आयांची नित्याची साडी झाली, आणि आज तिलाच आपण परंपरा म्हणतो. नऊवारी मग लग्नात आणि मंगळागौरीत उरली. आता तर ती शिवून मिळते. परकरासारखी पायांत चढवली की झाले. दिवाळीला न्यू जर्सीतल्या एखाद्या शाळेच्या सभागृहात मुली ती घालून फुगड्या घालतात, तेव्हा इकडे बसून आपण “हे काही खरे नेसण नव्हे” म्हणून नाक मुरडतो. मला तसे म्हणवत नाही. शिवलेली नऊवारी हीसुद्धा परक्या हवेत, कामाच्या धबडग्यात काढलेली एक तोडच आहे. वस्त्र टिकते ते नेसणारीच्या सोयीने. ट्रंकेत डांबराच्या गोळ्या घालून टिकते ती नुसती घडी.

या दिवाळीत पुष्कळ घरांतून चकली-अनारशांच्या डब्यांबरोबर एखादी पैठणी किंवा इरकली सातासमुद्रापार जाईल. सोबत कुंकवाची डबी आणि मोत्यांची नथही जाईल. ती जरूर पाठवावी. पण त्या पुडक्यात कसे नेसायचे याची अट घालू नये. लेक ती साडी बुटांवर नेसेल, कोटाखाली नेसेल, कदाचित कापून मुलीला झगा शिवील. तिथे हिमात उभे राहायचे आहे ते तिला, आपल्याला नव्हे.