सबवूफरची कुळकथा

नोव्हेंबर 1974 मध्ये अमेरिकेत युनिव्हर्सलचा ‘अर्थक्वेक’ हा चित्रपट लागला. भूकंपाची गडगड 35 मिमी फिल्मच्या ध्वनिपट्टीत मावेना, म्हणून अभियंत्यांनी तिथे नुसता इशारा नोंदवला. तो मिळताच थिएटरातलं यंत्र स्वतःच गडगडाट तयार करी आणि सर्विन-व्हेगाचे अवाढव्य स्पीकर तो प्रेक्षकांच्या अंगावर सोडत. कानाआधी छातीला जाणवेल इतका खालचा आवाज! हॉलिवूडच्या ग्रॉमन्स चायनीज थिएटरात तर छताचे पोपडे डोक्यात पडू नयेत म्हणून जाळी बांधावी लागली. ‘सेन्सराउंड’ नावाचं हे तंत्र मोजक्या चित्रपटांनंतर बंद पडलं. खर्जाला स्वतंत्र वाट हवी, हे मात्र सिनेमावाल्यांना कायमचं पटलं.

1977 च्या ‘स्टार वॉर्स’च्या 70 मिमी प्रिंटवर सहा चुंबकीय पट्ट्या होत्या, त्यातल्या दोन डॉल्बीने खर्जासाठी वापरल्या. 1987 मध्ये ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होलमन यांनी 5.1 ही मांडणी सुचवली: पाच पूर्ण चॅनेल आणि एक तोकडा. पूर्ण चॅनेल 20,000 हर्ट्झपर्यंत जातात, हा 120 ला थांबतो. त्या ‘पॉइंट वन’चं मला फार कौतुक वाटतं. गरज नेमकी ओळखून तेवढीच जागा दिली आहे. 1992 च्या ‘बॅटमन रिटर्न्स’पासून डॉल्बीचं डिजिटल 5.1 थिएटरांत आलं आणि पुढे डीव्हीडीबरोबर घरात.

इकडे टीव्ही चपटे होत गेले आणि त्यांच्या पोटात चांगल्या स्पीकरला जागाच उरली नाही. बाहेरचे स्पीकर जोडायला आधी लाल-पांढऱ्या पिना होत्या, मग तोशिबाने 1983 मध्ये सीडी प्लेअरसाठी काढलेली ऑप्टिकल केबल. पुढे आलेल्या एचडीएमआय केबलमधून आवाज टीव्हीकडे जाई, परत येत नसे. 2009 मध्ये एआरसीने (ऑडिओ रिटर्न चॅनेल) ती परतीची वाट उघडली. म्हणून टीव्हीच्या मागे ‘एआरसी’ लिहिलेलंच पोर्ट शोधायचं आणि तिथून केबल अॅम्प्लिफायरला न्यायची. सबवूफर, म्हणजे फक्त खर्जासाठीचा स्पीकर, टीव्हीला नाही, अॅम्प्लिफायरच्या सब-आउटला लावायचा.

साधारण 80 हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतो हे कानाला कळत नाही, त्यामुळे एकच डबा पुरतो. कोपऱ्यात मात्र खर्ज फुगतो. जागा ठरवायची जुनी रीत अजून सगळ्यात खात्रीची: सबवूफर आपल्या बसायच्या जागी ठेवून गाणं लावा, खोलीभर जमिनीलगत फिरा आणि खर्ज जिथे नितळ ऐकू येईल तिथे तो हलवा.