उलटं गहाण: जास्त जगण्याची जोखीम कुणाची?

आजच्या भागाची सुरुवात आजीच्या एका प्रश्नाने करतो. आजी 74 वर्षांची, घर तिच्या नावावर, पेन्शन नाही. मी तिला 'रिव्हर्स मॉर्गेज' समजावत होतो. नेहमीच्या गृहकर्जात आपण बँकेला हप्ता देतो, इथे बँक आपल्याला देते. राहायचं आपल्याच घरात, फेडायचं काही नाही. कर्ज व्याजासकट वाढत जातं आणि नवरा-बायको दोघांच्या पश्चात घरातून वसूल होतं. वारसांना घर हवं असेल तर त्यांनी कर्ज फेडायचं. नाहीतर बँक घर विकते आणि उरलेले पैसे वारसांना देते.

"हप्ते किती वर्षं?" आजीने विचारलं.

"जास्तीत जास्त 20."

"आणि एकविसाव्या वर्षी मी खायचं काय?"

मी गप्प. मग इतिहास चाळला, तर सगळी गोष्ट या एकाच प्रश्नाभोवती फिरते.

फ्रान्समध्ये 'व्हियाजे' नावाची जुनी पद्धत आहे. म्हाताऱ्या माणसाचं घर कुणीतरी विकत घ्यायचं, पण त्याला मरेपर्यंत तिथेच राहू द्यायचं आणि दरमहा पैसे द्यायचे. 1965 मध्ये आर्ल गावातल्या आंद्रे-फ्रान्स्वा राफ्रे यांनी 90 वर्षांच्या जान कालमां यांच्याशी महिना 2,500 फ्रँकचा असा करार केला. राफ्रे तेव्हा 47 वर्षांचे. 1995 मध्ये ते वारले, आजीबाई जिवंतच! पुढचे हप्ते राफ्रे यांच्या पत्नीने भरले. कालमां 1997 मध्ये गेल्या, नोंदीनुसार 122 व्या वर्षी. तोवर घराच्या किमतीच्या दुपटीहून जास्त पैसे देऊन झाले होते. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला 'एज केस' म्हणतो. इथे तिचा सगळा भार एका कुटुंबावर पडला.

अमेरिकेतलं पहिलं रिव्हर्स मॉर्गेज 1961 चं मानतात. मेन राज्यातल्या पोर्टलंडमध्ये नेल्सन हेन्स या कर्जसंस्थेतल्या माणसाने आपल्या शाळेतल्या फुटबॉल प्रशिक्षकाच्या विधवा पत्नीसाठी ते बेतलं. पण चांगुलपणावर व्यवस्था उभी राहत नाही. 1988 मध्ये रेगन यांच्या सहीने कायदा झाला आणि 62 वर्षांवरच्यांच्या अशा कर्जांना सरकारी विमा मिळाला. प्रत्येक कर्जदार थोडा प्रीमियम भरतो. कर्ज घराच्या किमतीपेक्षा वाढलं तर तोटा विमा सोसतो, वारस नाही. म्हणजे एकाच्या दीर्घायुष्याचा भार हजारोंमध्ये वाटला गेला.

आपल्याकडे पी. चिदंबरम यांनी 2007 च्या अर्थसंकल्पात साठीपुढच्यांसाठी ही योजना जाहीर केली आणि नॅशनल हाउसिंग बँकेने नियम आखले. मुदत संपली तरी घरातून कुणी काढत नाही, पण हप्ता थांबतो. हे ओळखूनच 2009 मध्ये विमा कंपनीमार्फत आयुष्यभर पैसे देणारा प्रकार आला. तरी दोन्ही फारसे रुजले नाहीत. 'आपली माणसं घराच्या बाबतीत भावनिक असतात' असं कारण सांगतात. ते खरंही असेल. पण आजी भावनिक नव्हती. तिने सरळ हिशोब विचारला होता.

तिची आई 95 वर्षं जगली. 74 मध्ये 20 मिळवा. हप्ता थांबेल तेव्हा आजी 94 ची असेल.

तेव्हा मंडळी, घरातल्या कुणासाठी हे बघत असाल, तर व्याजदराच्या आधी आजीचा प्रश्न विचारा. भेटू पुढच्या भागात!